प्रार्थनेसाठी उसने शब्द

सलाम ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नऊ महिन्यांपूर्वी तुमच्या मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, समजतं सगळं पण बोलताना शब्द सापडत नाहीत. कंपनीतली नोकरी गेली, पतपेढीचा हप्ता डोक्यावर आहे, मुलगी दहावीला. तुम्ही लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेल्या, पण आता प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही आणि बायबल उघडलं की अक्षरं नुसती डोळ्यांपुढून सरकतात. मंडळीतले लोक म्हणतात, ‘विश्वास वाढवा, प्रभू चमत्कार करील.’ तुमचं म्हणणं असं की विश्वासातून बळ मिळतं हे आयुष्यभर ऐकलं, आता ते मिळवायचं कसं ते कुणीतरी नीट सांगा. आणि शेवटच्या ओळीत विचारलंय की मुलगी रोज विचारते, ‘पप्पा बरे होतील ना?’ तिला काय सांगू?

यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, त्या आधी सोडवू. बळ म्हणजे मनाला येणारी उभारी असं तुम्ही धरलंय. आणि ती येत नाही म्हणजे विश्वास कमी, हा हिशेब लोकांनी तुमच्या हातात दिलाय. पवित्र शास्त्रात बळ बहुतेक वेळा शिध्यासारखं येतं. निर्गमाच्या १६व्या अध्यायात रानातला मान्ना, म्हणजे देवानं इस्राएली लोकांना पुरवलेलं अन्न, माणशी एक ओमर (तेव्हाचं माप) मिळतो, त्या दिवसापुरता. सकाळपर्यंत राखून ठेवला की त्यात किडे पडतात. (शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या वाराच्या, आदल्या दिवशी तेवढी दुप्पट गोळा करायची मुभा.) प्रभूच्या प्रार्थनेत मागतो ती भाकरही आजचीच आहे. वर्षभर पुरेल एवढं धैर्य एकदम अंगात शिरेल अशी वाट बघत राहिलात, तर रोज जे चिमूटभर हातात पडतं ते मोजलंच जाणार नाही.

दुसरं, शब्द सुचत नाहीत हा विश्वासाचा आजार नाही. थकलेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत, एवढंच. अशा वेळी शब्द उसने घ्यायचे असतात आणि चर्चकडे ते पिढ्यान्‌पिढ्या साठवलेले आहेत. माझ्या उत्तराचा बराचसा भाग हे शब्द कुठून घ्यायचे आणि कसे वापरायचे याबद्दल आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुम्ही कॅथलिक आहात की प्रॉटेस्टंट हे लिहिलेलं नाही. सासरी तुम्ही एकट्याच ख्रिस्ती असाल तर मोठ्यानं म्हणायच्या गोष्टी हळू म्हणाव्या लागतील. घरात दुसरं मोठं माणूस आहे की नाही यावर तर निम्मं अवलंबून आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. झटक्यानंतर कित्येकांचा स्वभाव चिडका होतो, शिव्या येतात, ताट भिरकावलं जातं. तसं होत असेल तर ते पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. ‘आपला वधस्तंभ आहे’ म्हणून मार खात बसायचं, असा त्या शब्दाचा अर्थ नाही.

आता सुरुवात कुठून करायची? झोपेपासून. ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा रानातल्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. देवदूत येतो तो उपदेश घेऊन येत नाही. एलीया झोपतो, उठवला जातो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि सुरईतलं पाणी घेतो, परत झोपतो, परत खातो. मग कुठे होरेब डोंगरापर्यंतची चाळीस दिवसांची वाट, आणि देवाचा तो मंद आवाज त्या वाटेच्या शेवटी. हा क्रम उलटा करायला गेलं की काही साधत नाही. रात्री दोनदा कूस बदलायला, एकदा लघवीचं भांडं द्यायला उठणाऱ्या बाईनं पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करावी असा सल्ला कुणी देत असेल तर तो ऐकू नका. सलग पाच तास झोप मिळायची सोय झाली की मग पुढचं. ही सोय तुम्ही एकट्यानं करू शकणार नाही. त्याकडे येतोच.

उसने शब्द घ्यायची पहिली जागा बायबलमधली स्तोत्रसंहिता. १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश विलापाची, तक्रारीची आहेत. रविवारी आपण गातो ती मुख्यतः आनंदाची, त्यामुळे हा भाग डोळ्यांआड राहतो. देवाशी भांडण मांडणं मराठी माणसाला खरं तर परकं नाही, तुकोबांनी विठोबाशी काय थोडं भांडण केलंय? पण चर्चमध्ये आलो की आपण उगाच शहाण्यासारखं वागायला लागतो.

स्तोत्र १३ काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो: कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी जिवाला घोर लावून घ्यायचा, कोठवर शत्रूची सरशी. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे, तेही नेमकं: माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड घाल. पाचव्या-सहाव्यात सूर बदलतो, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय, गाईन. आता बारकाईनं बघा. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मधे बाहेर काहीही घडलेलं नाही. शत्रू गेलेला नाही, दुखणं बरं झालेलं नाही. आणि त्या दोन वचनांच्या मधे किती दिवस गेले हेही लिहिलेलं नाही. एका बैठकीत वाचलं की वाटतं, दोन मिनिटांत सूर पालटला. तुमचा चौथ्या वचनावर सहा महिने मुक्काम पडला तरी तुम्ही स्तोत्राच्या बाहेर गेलेल्या नाही.

रोजची पद्धत अशी. सकाळी चहा झाल्यावर, त्यांना उठवण्याआधी पंधरा मिनिटं. पंधरा म्हणजे पंधराच. पहिल्या दिवशी उत्साहानं पाऊण तास बसलेली माणसं आठवडाभरात उठून जातात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि छापील बायबल घ्या, कारण फोनवर वचन उघडलं की वरून पतपेढीचा मेसेज डोकावतोच. एक वही लागेल, मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील.

पहिली दोन मिनिटं काही वाचायचं नाही. श्वास घेताना मनात ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. आंधळा बार्तीमय यरीहोच्या वाटेवर हेच ओरडत होता. मग स्तोत्र मोठ्यानं वाचा, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतपत पुरे. एकदा सरळ, एकदा सावकाश. मोठ्यानं का, तर मनातल्या मनात वाचताना थकलेले डोळे ओळी गाळतात, जिभेला तसं करता येत नाही. दुसऱ्या वाचनात जी ओळ टोचते तिच्यापुढे पेन्सिलनं खूण करा. मग वहीत स्वतःच्या पाच-सहा ओळी लिहा. आधी हाक, मग तक्रार, मग मागणं, मग देवानं पूर्वी केलेल्या एखाद्या गोष्टीची आठवण. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणून उठा.

या ओळी कशा दिसतात, नमुना देतो:

‘प्रभू, आजही तू गप्प आहेस.
नऊ महिने मी यांचा हात चोळतेय, अंगठा हलत नाही.
५ तारखेला हप्ता आहे आणि घरात अडीच हजार आहेत.
हप्त्याला मुदत मागायला जायची हिंमत दे. आज रात्री चार तास सलग झोप दे.
त्या रात्री शेजारच्या काकांनी गाडी काढली नसती तर हे वाचले नसते, ते मी विसरलेले नाही.
उद्या परत येईन.’

यात ‘आम्हा सर्वांना आशीर्वादित कर’ असलं काही नाही हे बघा. मागणं जितकं मोघम, तितकं मन त्यातून लवकर निसटतं. ‘आर्थिक अडचण दूर कर’ यापेक्षा ‘मुदत मागायला जायची हिंमत दे’ हे मागणं बरं, कारण संध्याकाळी ते मिळालं की नाही हे सांगता येतं. आठवणीच्या ओळीत मोठा चमत्कार शोधू नका. ७७वं स्तोत्र रात्री डोळा न लागणाऱ्या माणसाचं आहे. त्यातही आधी कण्हणं आहे आणि आठवण काढायचा निश्चय नंतर, ११व्या वचनाशी येतो. एखाद्या दिवशी आठवण सुचलीच नाही तर ती ओळ रिकामी सोडा. स्तुती ओढूनताणून लिहिलीत तर वही खोटी होते आणि खोट्या वहीकडे कुणाचा हात जात नाही.

आठवडाभर फिरवायला १३, ४२, ७७, १३०, १४२ आणि रविवारी १२१ घ्या. ४२व्यात माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो, ‘तू का खिन्न झालास?’ हे धृपद पुढच्या ४३व्यातही येतं, म्हणून ती दोन्ही एकत्र वाचा. ८८वं स्तोत्र मात्र एकटीनं रात्री वाचू नका. ते अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, कुठेही वळण घेत नाही. असं स्तोत्र शास्त्रात ठेवलं गेलं हा मोठाच दिलासा आहे, पण तो दिलासा कुणी सोबत असताना जास्त पचतो. आणि बायबल कुठूनही उघडून बोट ठेवायचं, त्यावर आजचा दिवस ठरवायचा, हा प्रकार बंद. तशानं मनाला आधार लागत नाही, कौल लावायची सवय लागते.

रोज तीच प्रार्थना केली तर ती यांत्रिक होणार नाही का, असं पुष्कळ जण विचारतात. गेथशेमाने बागेत प्रभूनं तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तय स्पष्ट लिहितो. विलापगीत तर वर्णमालेवर बांधलेलं आहे. पाचांपैकी चार अध्यायांत कडवी हिब्रूच्या २२ अक्षरांच्या क्रमानं लागतात. यरुशलेम जळून गेलंय आणि कवी अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं लावत बसलाय, असं समजा. रडण्याला काठ असला की ते घरभर पसरत नाही.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. बोलणारा मेंदूचा भाग बहुतेकांत डावीकडे असतो, म्हणून उजव्या बाजूच्या लकव्याबरोबर वाचा जाताना दिसते. पण अशा कित्येक रुग्णांना स्वतःचं वाक्य जुळवता येत नसलं तरी लहानपणी पाठ झालेलं काही म्हणता येतं, आणि चालीवरचं त्याहून सोपं जातं. पाणी मागायला शब्द सापडत नाही, पण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू केलं की पुढचे शब्द ओठांवर येतात. तुमच्याकडे येतील याची हमी नाही, मेंदूचा कोणता भाग किती दुखावलाय यावर ते ठरतं. करून बघायला काही लागत नाही.

संध्याकाळी, ते ताजेतवाने असताना, पाठीला उशी देऊन बसवा. समोर बसा, तुमचे ओठ त्यांना दिसले पाहिजेत. त्यांच्या बालपणातलं एकच गीत घ्या, नवं नको. घरात ‘उपासना संगीत’ असेल तर नारायण वामन टिळकांची भजनं आहेतच, ती आपल्या चालींवर असल्यानं जुन्या पिढीच्या कानात मुरलेली असतात. आधी शब्दांशिवाय चाल गुणगुणा. त्यांचा डावा, चांगला हात मांडीवर ताल धरेल असा हलवा. मग पहिली ओळ सावकाश म्हणा आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडा. चार-पाच सेकंद थांबा. नाही आला तर तुम्हीच म्हणून पुढे जा, ‘म्हणा ना, म्हणा ना’ करू नका. आठवडाभर तेच गीत, दहा मिनिटं. ते थकले की थांबा. ही स्पीच थेरपी नव्हे, तिच्या जागी हे धरू नका. थेरपिस्टकडे जात असाल तर त्यांना सांगा की घरी असं करतो, त्या पुढची युक्ती सांगतील.

एका घरात दोन माणसांचे शब्द हरवले आहेत, त्यांचे दुखण्यानं आणि तुमचे थकव्यानं. दोघांना एकच उसनी प्रार्थना म्हणता आली तर ती कौटुंबिक उपासना पुरेशी आहे. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. त्यांच्या अर्धवट उच्चारांनाही तिथे जागा आहे.

लोक व्हॉट्सॲपवर पाठवतात त्या वचनांबद्दल बोलायलाच हवं, कारण बळ देणारी वचनंच चुकीच्या ठिकाणी ठेवली की जखम करतात. ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो’ हे फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:१३. त्याच्या आधीचं वचन वाचलं की कळतं, पौल तृप्त असणं आणि भुकेलं असणं दोन्ही शिकलोय असं सांगतोय, तेही कैदेतून. म्हणजे ‘सर्व काही’मध्ये उपाशी दिवस काढणं आलं. यिर्मया २९:११, ‘तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत’, हे बाबेलमध्ये नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं वाक्य. आधीच्याच वचनात सत्तर वर्षं सांगितली आहेत, आणि पत्रात वर म्हटलंय, तिथे घरं बांधा, मळे लावा. लांब पल्ल्याचं आश्वासन आहे ते, पुढच्या महिन्याच्या रिपोर्टचं नव्हे. ‘देव झेपेल तेवढंच देतो’ हे तर त्या शब्दांत कुठेच नाही. १ करिंथ १०:१३ मोहाविषयी, परीक्षेविषयी आहे. उलट २ करिंथच्या पहिल्याच अध्यायात पौल सांगतो की आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा सुटली. तुम्हाला झेपत नाहीये हे कबूल करायला प्रेषितानंच वाट करून ठेवलीय.

‘कुणाचं पाप बाहेर आलं?’ हा प्रश्न सासरच्या नात्यात एव्हाना कुणीतरी काढला असेल. योहानाच्या ९व्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाबद्दल हेच विचारलं होतं आणि प्रभूनं ‘ह्यानंही पाप केलं नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही’ म्हणून तो प्रश्न मोडून काढला. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले होते तोवर शहाणे होते, तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. असल्या पाहुण्यांना उत्तर देत बसू नका. ‘त्यांची विश्रांतीची वेळ झाली’ एवढं म्हणून उठा.

आता मदतीचं. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती स्वतः चालत आला नाही. चौघांनी त्याला बाजेसकट आणलं, छप्पर उसकलं, आणि येशूनं ‘त्यांचा विश्वास पाहून’ त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. ‘त्यांचा’ या शब्दावर बोट ठेवा. तुमचा विश्वास आज बाजेवर पडलेला असेल तर चार खांदे शोधायचे, हाच शास्त्राचा सल्ला आहे. लोक ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात आणि आपण ‘हो’ म्हणतो, त्यातून काही निघत नाही. मागणी वाराची, वेळेची आणि कामाची हवी. पाळकांना किंवा महिला मंडळाच्या ताईंना असा मेसेज टाका:

‘सलाम. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी २ ते ४ यांच्याजवळ बसायला कुणी मिळेल का? औषध द्यायचं नाही, नुसतं बसायचं. मला तेवढा वेळ झोपायचंय. पुढचे चार आठवडे.’

‘झोपायचंय’ हे लिहायला लाजू नका, नाहीतर ते येतील आणि तुम्ही त्यांच्यासाठी पोहे करत उभ्या राहाल. मुदत घातली की लोक पटकन तयार होतात, आणि चार आठवड्यांनी बहुतेक जण पुढेही येतात. मिस्टरांना गिळताना ठसका लागत असेल तर पाणी कसं द्यायचं, किती बसवून द्यायचं, हे येणाऱ्याला आधी दाखवा. चौथं माणूस कागदपत्रांसाठी ठेवा, धावपळ करणारं एखादं तरुण पोरगं. रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात, कोणते उपचार योजनेत बसतात ते तिथे कळेल. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात विचारायचं. हेही मंडळीचंच काम आहे, प्रार्थनेहून हलकं नाही.

प्रार्थनेला येणाऱ्या गटाला मर्यादा सांगा. चौघे, वीस मिनिटं, चहा नाही, मोठा आवाज नाही. बारा जण रात्री साडेआठला येऊन ढोलकीवर गायला लागले की झटका येऊन गेलेलं माणूस बावरतं. प्रभुभोजन घरी आणायला पाळकांना सांगा. कॅथलिक असाल तर फादरांकडे परमप्रसादाबरोबर रुग्णाभ्यंगाचंही (आजाऱ्याला तेल लावून करतात त्या संस्काराचं) विचारा, तो फक्त मरणाऱ्यासाठी असतो हा गैरसमज अजून आहे. याकोबाच्या ५व्या अध्यायात ‘कोणी दुखणाईत असेल तर वडिलांना बोलवावं’ इतकंच म्हटलंय.

रविवारी जमेल तेव्हा जा, उशिरा जा, मागे बसा. गाता आलं नाही तर उभ्या राहा फक्त. विश्वासांगीकार, म्हणजे ‘मी विश्वास धरतो’ हे कबुलीचे शब्द, सगळे मिळून म्हणतात त्याचं एक कारण हेच असावं की ज्याला आज म्हणवत नाही त्याच्या वतीनं शेजारचा म्हणतो.

पैसा, उपवास, नवस. ‘बी पेरा म्हणजे दसपट येईल’ सांगून आजारी घरातून देणगी मागणाऱ्याला दारातूनच सलाम करा. हप्ता थकलेला असताना दशांश (चर्चला द्यायचा मिळकतीचा दहावा भाग) राहिला म्हणून प्रभू मिस्टरांचा हात धरून ठेवत नाही. उपवास करायचा असेल तर मधुमेह, रक्तदाबाची गोळी, अंगावर पाजणं यातलं काही असल्यास पूर्ण उपवास नको. एक वेळचा चहा किंवा रात्रीची मालिका सोडली तरी तो उपवासच. नवस घाईनं बोलू नये, असं उपदेशकाचा ५वा अध्यायच बजावतो. अडचणीत बोललेला नवस पुढे कर्जासारखा मानगुटीवर बसतो.

औषधं कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाहीत, रक्त पातळ करणारी गोळी तर मुळीच नाही. ‘बरं झाल्याचा दावा करा आणि गोळ्या टाका’ म्हणणारा दुसऱ्या झटक्याच्या वेळी जवळ नसतो. आणखी एक, झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्यांना आणि पुष्कळदा सांभाळणाऱ्यालाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, भूक-झोप बिघडणं, कशातच रस नसणं असेल तर डॉक्टरांना सांगा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. एलीयाला देवदूतानं भाकर दिली, तशी नैराश्यावर डॉक्टर देतील ती गोळी समजा.

इतकं केल्यावर बळ आलं हे ओळखायचं कसं? आनंद झाला का हे बघू नका. सहा आठवड्यांनी वही उलगडून बघा: मुदत मागायला गेलात का, त्यांच्यावर ओरडणं कमी झालं का, एखाद्याला ‘आज नको’ म्हणता आलं का. पंडिता रमाबाईंचं नाव अशा वेळी ‘बघा कशा खंबीर’ म्हणून घेतलं जातं. आईवडील दुष्काळाच्या भटकंतीत गेले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली आणि १९२२च्या एप्रिलात त्या स्वतः. या सगळ्या काळात त्यांच्या मनात काय उसळत होतं ते आपल्याला दिसत नाही. दिसतं ते केडगावचं मुक्ती मिशन आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून एकेक वचन करत नेलेलं मराठी बायबल. बळ बाहेरून असंच दिसतं, रोजच्या कामासारखं.

आता मुलीचं. ‘हो, नक्की बरे होतील’ म्हणू नका, आणि ‘तू मनापासून प्रार्थना कर म्हणजे होतील’ हे तर अजिबात नको. हात हलला नाही तर पंधरा वर्षांची पोर स्वतःच्या प्रार्थनेला दोष देत मोठी होईल. खरं तेच सांगा, तिच्या भाषेत: ‘किती बरे होतील ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा भरभर होते, पुढे हळू होते, पण थांबतेच असं नाही. म्हणून व्यायाम रोज चालू ठेवायचा. मला पण भीती वाटते. आपण देवाला रोज विचारतोय.’ एवढं पुरे. ती रडली तर रडू द्या, लगेच वचन काढू नका. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, थडग्याकडे जाताना, त्याला उठवणार हे माहीत असूनही, प्रभू आधी रडला. घरकामात तिला एकच ठरावीक वाटा द्या, बाकीचा वेळ अभ्यासाचा. आणि संध्याकाळचं गीत कोणतं घ्यायचं ते तिला निवडू द्या, ओळीतला शेवटचा शब्द पप्पांसाठी सोडून थांबायचं काम ती तुमच्यापेक्षा चांगलं करील.